हृदयाच्या पेशींचा कॉम्प्युटर खरंच होतो का?

तू विचारलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू चिपळूणला एस. वाय. बी.एस्सी.ला आहेस, विषय फिजिक्स. हृदयाच्या जिवंत पेशी वापरून कॉम्प्युटर बनवतायत असं तुझ्या कानावर आलं. तुला तीन गोष्टी हव्या आहेत: हे खरं का, खरं असेल तर धडधडणारी पेशी हिशेब करते म्हणजे नेमकं काय करते, आणि कोकणात राहून यात हात घालता येईल का.

खरं आहे. काम प्रयोगशाळेत चालू आहे आणि अजून अगदी रांगतं आहे. मी चोवीस वर्षं हृदयाच्या पेशी वाढवते. पहिली सतरा वर्षं मुंबईत, नवी औषधं हृदयाचा ठोका बिघडवतात का हे तपासण्यासाठी. त्यानंतर दापोली तालुक्यात, आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत, कॉलेजच्या मुलांना शिकवण्यासाठी. असा कॉम्प्युटर मी स्वतः बांधलेला नाही, पण तो ज्या पेशींवर उभा राहायचा आहे त्या माझ्या रोजच्या हाताखालच्या आहेत. म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

अंड्यापासून सुरुवात करू. घरी कोंबड्या असतील तर खुडूक कोंबडीखाली रवणीला बसवलेलं एक अंडं चौथ्या दिवशी रात्री काढ, खोलीत अंधार कर आणि अंड्याचं रुंद टोक मोबाइलच्या टॉर्चवर टेकव. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतील आणि त्यांच्या मधोमध एक ठिपका, उडणारा. ॲरिस्टॉटलने हाच ठिपका पाहून लिहून ठेवला होता. खरं तर हे हृदय ३३ ते ३६ तासांतच हलायला लागतं. त्या वेळी त्याला एकही मज्जातंतू येऊन मिळालेला नसतो. मेंदू अजून घडतोच आहे. म्हणजे ठोका बाहेरून कुणी सांगितलेला नाही, तो पेशीचा स्वतःचा आहे.

सातव्या दिवशी ते हृदय मोहरीच्या दाण्याहून जरा मोठं असतं. ते बारीक चिरून ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या पाचकरसात कोमट ठेवलं की पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारी प्रथिनं तुटतात आणि पेशी सुट्या होतात. त्या मीडियात, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवात, घालून डिशमध्ये पसरायच्या आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवायच्या. सकाळी मायक्रोस्कोपखाली बघितलं की काही पेशी काचेला चिकटून चपट्या झालेल्या दिसतात आणि त्यांतल्या कितीतरी उडत असतात. एक मिनिटाला चाळीस, शेजारची सत्तर, तिसरी पाच-सहा ठोके देऊन थांबते आणि पुन्हा सुरू होते. प्रत्येकीचं आपलं आपलं चाललेलं असतं.

पेशी हे करते कशी? नळाखाली अशी बादली ठेवलेली आहे असं समज, जी भरत आली की कलंडते, रिकामी होते आणि पुन्हा सरळ होऊन भरू लागते. हृदयाच्या ठोका देणाऱ्या पेशीच्या आत-बाहेर साधारण उणे साठ मिलिव्होल्टचा फरक असतो. पेशीच्या आवरणातल्या काही वाटा त्या अवस्थेतच उघडतात, धन भार हळूहळू आत झिरपतो आणि फरक उणे चाळीसच्या आसपास आला की कॅल्शियमची दारं धाडकन उघडतात. हा कलंडण्याचा क्षण, हाच ठोका. झिरपणाऱ्या प्रवाहातल्या एकाचं वागणं इतकं उलटं वाटलं होतं की त्याचं नाव 'फनी करंट' पडलं आणि तेच टिकलं. कलंडल्यावर काही काळ पेशी बधिर असते, कितीही डिवचा, उत्तर देत नाही. हा बधिर काळ लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं ते. पेशी पसरत पसरत एकमेकींना भिडतात. भिडल्या की दोघींच्या आवरणांतून आरपार जाणाऱ्या बारीक नळ्या तयार होतात. या नळ्यांना गॅप जंक्शन म्हणतात आणि त्या कनेक्झिन-४३ नावाच्या प्रथिनाच्या असतात. एकीचा भार दुसरीत जाऊ लागतो. जिची बादली अर्धीच भरली आहे तिच्यात शेजारणीचं पाणी येऊन पडतं आणि ती वेळेआधी कलंडते. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नोंदवहीत काही लिहायचं सुचलं नव्हतं. सकाळी चाळीस आणि सत्तरने उडणाऱ्या दोन पेशी दुपारी पुन्हा डिश लावली तेव्हा एकदमच उडत होत्या. १९६० च्या दशकात उंदराच्या पेशींवर हे नोंदवलं गेलं, तेव्हापासून प्रत्येक पिढीतला विद्यार्थी ते नव्याने बघतो आणि तितकाच थबकतो.

इथपर्यंत जीवशास्त्र झालं. गणित कुठे सुरू होतं, ते मी तुला उखळावरून सांगते.

माझ्या लहानपणी आमच्या पडवीत जमिनीत बसवलेलं दगडी उखळ होतं, आजी त्याला वायन म्हणायची. दिवाळीच्या आधी त्यात पोहे कांडायचे. आजी आणि काकू समोरासमोर उभ्या राहायच्या आणि एकाच उखळात दोन मुसळं पडायची. दोघींचा वेग एकच, पण मुसळं एकदम पडत नसत. आजीचं खाली तेव्हा काकूचं वर. मोजायला कुणी नाही, कुणी ताल देत नाही, दोन-चार घाव चुकतमाकत पडायचे आणि मग आपोआप लय लागायची. तिसरी बाई आली की पुन्हा दोन-चार घाव गडबड, आणि मग तिघींची मुसळं एकामागून एक, सारख्या अंतराने.

यात तीन आवर्तनं आहेत आणि त्यांच्यात एक अट आहे: दोन मुसळं एका वेळी उखळात नकोत. ती अट पाळली जाईल अशी मांडणी त्या तिघींनी शोधून काढली. मोजून काढली नाही, स्थिरावत स्थिरावत तिथे पोचल्या. दोलकांच्या कॉम्प्युटरमध्ये उत्तर असंच मिळतं. दोलक म्हणजे ठरावीक काळाने तेच तेच करणारी वस्तू: लंबक, मुसळ, विजेचं सर्किट किंवा हृदयाची पेशी. दोन दोलकांपैकी कोण किती पुढे-मागे आहे याला फेज म्हणतात, आणि या कॉम्प्युटरचा आकडा म्हणजे ती फेज.

खऱ्या कोड्याचं उदाहरण घे. देवळात सप्ताह आहे. पंचक्रोशीतली पन्नास भजनी मंडळं यायची आहेत आणि आपल्याकडे तीनच रात्री आहेत. एका रात्री कितीही मंडळं चालतील, पण काही मंडळांचा पखवाजवाला एकच आहे, त्यामुळे ती दोन मंडळं एका रात्री नकोत. कुणाला कोणती रात्र द्यायची? कागदावर प्रत्येक मंडळासाठी एक ठिपका काढ, पखवाजवाला सामाईक असेल तिथे रेघ मार आणि ठिपक्यांना तीन रंग दे, असे की रेघेच्या दोन टोकांना एकच रंग येणार नाही. गणितात याला आलेखाला रंग देणं म्हणतात. पाच मंडळं असतील तर देवळाचे मानकरी तोंडी सांगतील. पन्नास असतील तर शक्यता होतात तीनचा पन्नासावा घात, म्हणजे २४ आकडी संख्या. हुशार पद्धतींनी त्यातल्या बऱ्याच गाळता येतात, पण रेघांचं जाळं वाढत गेलं की कोणतीही माहीत असलेली पद्धत शेवटी दमते. मोबाइल टॉवरच्या फ्रिक्वेन्सी, परीक्षांची वेळापत्रकं, चिपमधल्या मेमरीचं वाटप ही याच घरातली कोडी.

आता प्रत्येक ठिपक्याच्या जागी एक दोलक ठेव आणि प्रत्येक रेघेच्या जागी असा दुवा, जो दोन्ही टोकांना एकमेकांच्या वेळेपासून दूर ढकलतो. सगळं चालू करून सोडून दे. थोड्या वेळाने दोलकांचे गट पडतात: एक गट आधी, एक मग, एक त्यानंतर. गट म्हणजे रंग, रंग म्हणजे रात्र. दर वेळी सर्वोत्तम उत्तर मिळेल अशी हमी नाही, पण चांगलं उत्तर लवकर मिळतं.

ही कल्पना हृदयाच्या पेशींपेक्षा बरीच जुनी आहे. १६६५ मध्ये हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाला आजारी पडून राहिल्यावर दिसलं की एकाच आधारावर टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक काही वेळाने बरोबर उलट-सुलट लयीत येतात, अगदी आजी-काकूंच्या मुसळांसारखे. १९५४ मध्ये जपानमध्ये एइची गोतो यांनी फेजमध्ये शून्य आणि एक साठवणारा पॅरामेट्रॉन शोधला आणि त्या दशकात तिथे त्यावर चालणारे कॉम्प्युटरही बांधले गेले. ट्रान्झिस्टर स्वस्त आणि वेगवान झाल्यावर ते मागे पडले. तुझ्यासारख्या फिजिक्सच्या मुलीने या पॅरामेट्रॉनबद्दल मुद्दाम वाचावं. पाठ्यपुस्तकांत तो सापडत नाही.

मग हृदयाच्या पेशी यात आल्या कशा? अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाशी जोडलेल्या संशोधकांनी आधी व्हॅनेडियम डायऑक्साइडचे दोलक केले होते. हा पदार्थ विशिष्ट व्होल्टेजला एकदम विजेचा वाहक होतो, म्हणजे तीच कलंडणारी बादली. २०१७ मध्ये अशा दोलकांच्या जाळ्याने आलेखाला रंग देता येतो हे त्यांनी दाखवलं. सुमन दत्ता आणि निखिल शुक्ला हे त्यातले दोघे. मग पिनार झोर्लुतुना यांच्या हृदयपेशींच्या प्रयोगशाळेबरोबर त्यांनी काम केलं आणि २०२१ मध्ये हृदयस्नायूंच्या पेशींपासून बनवलेल्या जोडलेल्या दोलकांचा शोधनिबंध आला. त्यात स्नायूपेशींची छोटी बेटं आहेत आणि बेटांना जोडायला फायब्रोब्लास्ट पेशींचे पूल आहेत.

ही फायब्रोब्लास्टची गोष्ट माझ्यासारखीला फार लागते, म्हणून जरा थांबते. फायब्रोब्लास्ट म्हणजे हृदयातली जोडकामाची, भराव घालणारी पेशी. ती ठोका देत नाही, पण भराभर वाढते. स्नायूपेशी जवळजवळ वाढतच नाहीत. त्यामुळे डिशमध्ये भाताच्या वाफ्यात तण माजावं तसं होतं: दहा दिवस दुर्लक्ष केलं तर सगळीकडे फायब्रोब्लास्ट आणि मधेच कुठेतरी एक केविलवाणा ठोका. अलेक्सी कॅरेल या फ्रेंच शल्यविशारदाने १९१२ मध्ये न्यूयॉर्कला कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयाचा तुकडा वाढवायला घेतला आणि ते कल्चर १९४६ पर्यंत चाललं. लोक त्याला अमर हृदय म्हणायचे. प्रत्यक्षात इतकी वर्षं वाढत होत्या त्या फायब्रोब्लास्टसारख्या पेशी, ठोका केव्हाच थांबला होता. आणि कॅरेलचं ते अमरत्वही पुढे कुणाला पुन्हा करून दाखवता आलं नाही.

आम्ही अर्धं आयुष्य या पेशी वेगळ्या काढण्यात घालवतो. डिशला त्या आधी चिकटतात, म्हणून तासभर चिकटू द्यायच्या आणि न चिकटलेल्या स्नायूपेशी वरच्यावर उचलून दुसऱ्या डिशमध्ये टाकायच्या. पण त्यांच्यातही गॅप जंक्शन असतात. २००३ मध्ये दाखवलं गेलं की दोन स्नायूबेटांच्या मधे ३०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी, नुसती फायब्रोब्लास्टची पट्टी असली तरी ठोका पलीकडे पोचतो. पोचतो, पण रेंगाळत. आणि जाणूनबुजून घातलेला उशीर ही दोलकांच्या कॉम्प्युटरमध्ये फार मोलाची वस्तू आहे. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. ठोका देणारी पेशी निसर्गाने तयार दिली आहे. कॉम्प्युटर बनवायचा तो दोन पेशींच्या मधल्या जागेत. पूल किती लांब, किती रुंद, त्यात किती पेशी, त्यांच्यात किती नळ्या, हाच त्याचा प्रोग्रॅम.

सगळ्यात मोठी अडचणही तिथेच आहे. उखळातली मुसळं एकमेकींना टाळतात, हृदयाच्या पेशी एकमेकींना ओढतात. लाखो वर्षं त्यांची घडण एकाच कामासाठी झाली आहे: सगळ्यांनी एकदम आकुंचन पावायचं, नाहीतर रक्त पुढे जात नाही. पन्नास बेटं साध्या पुलांनी जोडून सोडून दिलीस तर पन्नासच्या पन्नास एका ठोक्यात येतील आणि सगळ्या मंडळांना एकच रात्र मिळेल. विजेच्या सर्किटमध्ये दुव्याला कपॅसिटर वापरला की दोलक उलट लयीत जातात, तशी सोय पेशींत आयती नाही. दोन वाटा मला दिसतात. एक म्हणजे पुलातला उशीर इतका वाढवायचा की एकीचा धक्का दुसरीच्या बधिर काळाच्या आसपास पोचेल आणि तिला वेगळ्या वेळेला ढकलेल. दुसरी म्हणजे अर्धं काम इलेक्ट्रॉनिक्सने करायचं: काचेत बसवलेल्या इलेक्ट्रोडने एका बेटाचा ठोका ऐकायचा, ठरवलेला वेळ थांबायचं आणि दुसऱ्या बेटाला हलका विजेचा टोला द्यायचा. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, कारण पूल एकदा वाढला की बदलता येत नाही आणि इलेक्ट्रॉनिक्समधला उशीर बटणाने बदलता येतो.

फेजशिवाय आणखी एक मार्ग आहे, लाटांचा. पेशींचा एकसंध थर असला की ठोका एका टोकाला सुरू होतो आणि लाटेसारखा पसरतो. ही लाट समुद्राच्या लाटेसारखी नाही, वणव्यासारखी आहे. डोंगराला वणवा लागून काजूच्या बागेकडे यायला लागला की लोक समोरून दुसरी आग लावतात. दोन्ही आगी भेटतात आणि विझतात, कारण दोघींच्याही मागे जळून गेलेलं गवत असतं. हृदयात जळलेलं गवत म्हणजे तो मघाचा बधिर काळ. दोन लाटा समोरासमोर आल्या की दोन्ही संपतात. फरक इतकाच की हृदयाचं गवत पाव सेकंदात पुन्हा उगवतं. नॉर्बर्ट वीनर आणि आर्तुरो रोझेनब्ल्यूथ यांनी १९४६ मध्ये याच कल्पनेवर हृदयस्नायूचं गणिती मॉडेल मांडलं.

यातून लॉजिक गेट होतात, म्हणजे कॉम्प्युटरचे हो-नाही ठरवणारे मूळ घटक. पेशींची एक चिंचोळी पट्टी मोठ्या थराला मिळते अशी नक्षी कर. पट्टीतून एकटी लाट आली तर समोरच्या मोठ्या थरातल्या भरमसाट पेशींना पेटवायला तिचा भार पुरत नाही आणि ती तोंडाशीच विझते. दोन पट्ट्यांतून दोन लाटा एकाच क्षणी आल्या तर पुरतो. रापण ओढताना एका बाजूची माणसं एकटीच लागली तर जाळं हलत नाही, दोन्ही बाजू लागल्या की येतं, तसं. हा झाला 'आणि' गेट.

यासाठी हृदयाचीच पेशी लागते असंही नाही. ड्यूक विद्यापीठात २०११ मध्ये मूत्रपिंडापासून आलेल्या, विजेला अजिबात दाद न देणाऱ्या पेशींत तीनच जनुकं घालून त्यांना लाट वाहून न्यायला लावलं: एक सोडियमच्या दाराचं, एक पोटॅशियमच्या दाराचं आणि एक कनेक्झिन-४३ चं. मागणीप्रमाणे पेशी घडवायची असेल तर सुरुवात इथून होईल असं मला वाटतं. लाटांचा धोकाही सांगते. लाट एखाद्या डागाभोवती गोल फिरायला लागली की आपल्याच मागे उगवलेलं गवत पुन्हा पुन्हा पेटवत राहते आणि थांबत नाही. डिशमध्ये हे बघायला सुंदर दिसतं. माणसाच्या छातीत त्यातूनच फिब्रिलेशन होतं, म्हणजे हृदय ताल सोडून नुसतं थरथरतं, आणि ते हृदयाच्या खालच्या कप्प्यांत झालं तर मिनिटांत माणूस जातो.

आता वेगाबद्दल. तुझ्या लॅपटॉपचं घड्याळ सेकंदाला काही अब्ज वेळा टिकटिकतं, पेशी सेकंदाला एक-दोनदा. बेरजेत तिची बरोबरी होणार नाही आणि कुणी तसा दावा करत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. तिचं बळ वीज कमी लागण्यात आणि सगळ्या पेशींनी एकाच वेळी काम करण्यात आहे. पेशी मीडियातल्या साखरेवर चालते. पण हिशेब पुरा मांडायचा तर तिला ३७ अंशांवर ठेवणारा इन्क्युबेटर, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, मायक्रोस्कोप, ॲम्प्लिफायर हे सगळं धरावं लागतं आणि ते पेशींपेक्षा कितीतरी पटींनी जास्त वीज खातं.

मेंदूच्या पेशी का नकोत, असं विचारशील. त्याही वापरतात. मेलबर्नमध्ये डिशमधल्या सुमारे आठ लाख चेतापेशींना पॉंग हा जुना व्हिडिओ गेम खेळायला शिकवल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. चेतापेशी शिकतात, दुवे बदलतात, हे त्यांचं मोठं बळ. पण त्यांचं वागणं वाचणं कठीण आहे. हृदयाची पेशी शिकत नाही, पण ती उघड्या डोळ्यांनी वाचता येते. हलली की हलली. हार्वर्डमध्ये २०१६ मध्ये उंदराच्या सुमारे दोन लाख हृदयपेशी सोन्याच्या सांगाड्यावर बसवून रुपयाच्या नाण्याएवढं कृत्रिम पाकट (पंखांसारखे कल्ले हलवत पोहणारा चपटा मासा) केलं, ते उजेड दाखवू त्या दिशेला पोहायचं. हर्णैच्या बंदरावर टोपलीत पडलेलं पाकट तू पाहिलं असशील. त्याच्या पंखांची लहर म्हणजे एका कडेकडून दुसऱ्या कडेला जाणारी आकुंचनाची लाट, आणि या कृत्रिम पाकटात ती लाट पेशींच्या नक्षीनेच ठरवलेली होती. २०२२ मध्ये माणसाच्या मूलपेशींपासून (ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी घडवता येतात अशा पेशींपासून) केलेल्या हृदयपेशींचा मासा शंभर दिवसांहून जास्त पोहला. 'जिवंत यंत्र किती टिकेल' याचं आजचं सगळ्यात चांगलं उत्तर मी हे मानते.

मूलपेशींचा उल्लेख आला म्हणून सांगते: आता प्राण्याचं हृदय घ्यावंच लागतं असं नाही. जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशीला मागे नेऊन मूलपेशीसारखं केलं, त्यासाठी २०१२ चं नोबेल त्यांना मिळालं. अशा पेशींपासून पंधरवड्याच्या आत धडधडणारी हृदयपेशी करता येते. महाग आहे, आणि तयार होणारी पेशी मोठ्या माणसाच्या नव्हे, गर्भातल्या पेशीसारखी कोवळी असते. आपल्या कामाला ते कोवळेपण उपयोगी पडतं, कारण कोवळी पेशी आपणहून ठोका देते.

आता तिसरा प्रश्न, कोकणाचा. इथे काय सोसावं लागतं ते आधी ऐक.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. आमच्या दारातले सात नारळ आणि मागची अख्खी सुपारी झोपली. वीज सकाळीच गेली होती आणि ती तीन आठवड्यांनी आली. इन्व्हर्टर रात्री नऊपर्यंत टिकला. इन्क्युबेटरमध्ये कोंबडीच्या हृदयपेशींच्या सहा डिश होत्या, त्यातल्या एकीत मी दोन बेटं आणि मधे फायब्रोब्लास्टचा पूल अशी नक्षी केली होती, चार दिवसांची. वाचवता येणार नाहीत हे दिसतच होतं. म्हणून मी ती डिश मायक्रोस्कोपवर घेतली, खालून बॅटरी लावली आणि मोजत बसले. ३७ अंशांवर मिनिटाला ८४ ठोके होते, ३३ वर ५८ झाले, २९ वर ३८. तोपर्यंत दोन्ही बेटं बरोबर होती, पूल ओलांडून जाणारा ठोका फक्त उशिरा पोचू लागला होता, इतका की तो उशीर डोळ्यांना कळायचा. मग २८ च्या खाली पलीकडच्या बेटाचा एक ठोका चुकला. पुन्हा चार ठोके नीट, पाचवा चुकला. मग तीनातला एक. शेवटी अलीकडच्या बेटाचे दोन ठोके, पलीकडचा एक, असं पक्कं ठरून गेलं. मीडियाचा रंग तोवर केशरी लालवरून जांभळट गुलाबी झाला होता, म्हणजे कार्बन डायऑक्साइड उडून गेला होता. पहाटे दोन्ही थांबली.

थंडीने बादल्या हळू भरत होत्या, पण पहिल्यांदा हार मानली ती पुलाने. दोन पेशींच्या मधली जागा हाच कॉम्प्युटर, हे मी वर लिहिलं ते त्या रात्री बॅटरीच्या उजेडात मोजलेल्या आकड्यांवरून लिहिलं आहे. त्या वहीची पानं पाऊस लागून फुगली आहेत, पण वाचता येतात.

वादळ एकदा येतं, बुरशी दर आषाढात येते. हवेत इतका दमटपणा असतो की चपलांवरही बुरशी चढते, मग गोड मीडियाचं काय. माझ्या इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये मी मोरचूद घालते, बाहेरच्या चपला आणि छत्री त्या खोलीत येऊ देत नाही, आणि १५ जून ते गणपती या काळात नवीन कल्चर सुरूच करत नाही. खाऱ्या हवेने इलेक्ट्रोडचे जोड गंजतात, ते सिलिका जेलच्या डब्यात ठेवावे लागतात. यातलं काहीही कामापासून अडवत नाही. फक्त वेळापत्रक हवामानाप्रमाणे बांधावं लागतं, जसं भातवाले आणि मच्छीमार बांधतात.

तुझं फिजिक्स आहे, म्हणून पेशींच्या आधी टेबलावर कर. ५५५ टायमर नावाच्या छोट्या चिपचे तीन दोलक ब्रेडबोर्डवर बांध, प्रत्येकाला एक एलईडी. वेग जवळजवळ सारखे, पण थोडे वेगळे ठेव. आधी ते रेझिस्टरने जोड, मग कपॅसिटरने, किमती बदलून बघ आणि कोणत्या दुव्याने ते एका लयीत येतात, कोणत्याने टाळतात, ते वहीत लिही. शंभर-दोनशे रुपयांत होतं. चौथा दोलक घालून चौकोन कर, मग एक तिरपी रेघ वाढव आणि गट कसे बदलतात ते बघ. हे हाताने केल्याशिवाय पेशींकडे येऊ नकोस, कारण पेशी चुकली तर का चुकली हे ती सांगत नाही आणि सर्किट सांगतं.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ये. कॉलेजच्या प्राध्यापकांचं पत्र आण, आणि गर्भाच्या ऊतीवर काम करायला काही परवानगी लागते का ते त्यांना विचारून ठेव. येताना एक डझन अंडी आण, पण दुकानातली नकोत. ती फळलेली नसतात, कितीही उबवली तरी ठिपका येत नाही. कोंबड्याबरोबर फिरणाऱ्या गावठी कोंबडीची, चार दिवसांच्या आतली, न धुतलेली आण, आणि गाडीत टोपली मांडीवर घेऊन बस.